अभ्यासिकेच्या संगणकांवर गेस्ट खातं चालू ठेवावं का?

प्रश्न: नौपाड्यातल्या अभ्यासिकेत झुबुंटू (उबुंटू लिनक्सचा एक प्रकार), विंडोज 10 आणि मॅक असे 3 संगणक आहेत. नव्या मुलांना गेस्टनं (पासवर्डशिवायच्या तात्पुरत्या खात्यानं) बसू दिलं, तर बाकीच्यांच्या फायली सुरक्षित राहतील का?

उत्तर 1: झुबुंटूवर आधी बंदच करा. गेस्टला रोखणारं कुंपण ॲपआर्मरचं, म्हणजे प्रोग्रामांना मर्यादेत ठेवणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेचं. उबुंटू 16.10 मध्ये लॉगिन सेशन सिस्टमडीकडे (सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे) गेलं आणि ते कुंपण लागूच होईना. त्यात होम फोल्डरची परवानगी 755, म्हणजे कुणीही उघडून वाचावं. 2017 मध्ये उबुंटूनं गेस्ट मुळातच बंद केलं. लाइटडीएमच्या (लॉगिन पडदा दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये 'अलाऊ-गेस्ट'ची किंमत 'फॉल्स' हवी.

उत्तर 2: विंडोज 10 चं गेस्ट बंदच असतं, ते जागं करायची खटपट नको. साधं स्टँडर्ड खातं काढा. पण ते आपोआप पुसलं जात नाही. आधीच्या मुलाचं ईमेल ब्राउझरमध्ये उघडंच राहतं. मॅकवर लॉगआउट होताच गेस्टचं सगळं पुसलं जातं. फाइलव्हॉल्ट (डिस्क कुलूपबंद करणारी मॅकची सोय) चालू असेल तर गेस्टला फक्त सफारी ब्राउझर मिळतं.

प्रश्नकर्ता: झुबुंटू 20.04 वरून 22.04 वर नेलंय. तरी 755 च राहतं?

उत्तर 1: हो. 21.04 पासून 750 (म्हणजे इतरांना वाचता न येणारं) आलं, पण नव्या खात्यांनाच; अपग्रेडनं जुनी बदलत नाहीत. प्रत्येक होम फोल्डर हातानं 750 करा, नाहीतर स्टँडर्ड खात्यातूनही वाचता येईल.