मदत हवी आहे: पायलटांचा तुटवडा आहे म्हणतात, मग सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) झालेली मुलं घरी का?

मोपावाला:

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसता वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी पेडणे तालुक्यातला, धंदा गाडीचा. ५ जानेवारी २०२३ ला मोपाहून विमानं सुरू झाली तेव्हापासून पर्यटकांची भाडी कमी केली आणि गाडी एका कंत्राटदाराकडे क्रूच्या ने-आणीला लावली. पायलट आणि केबिन क्रूला हॉटेलातून विमानतळावर सोडायचं, आलेल्यांना परत न्यायचं. कधी पहाटे तीन, कधी रात्री बारा.

मुलगी म्हापशाला बारावी सायन्सला आहे, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही घेतलेत. नववीत असताना एकदा माझ्याबरोबर पुढच्या सीटवर बसून आली (कंत्राटदाराला सांगू नका). मागे एक बाई कॅप्टन होत्या. धारगळपासून कांदोळीपर्यंत दोघी बोलत होत्या, मी फक्त गियर टाकत होतो. तेव्हापासून घरात एकच सूर: "माका हेंच जाय."

हौसेला माझी ना नाही. पण आकडा ऐकून झोप उडाली. पणजीत एका फ्लाइंग अकादमीच्या माणसाने हॉटेलात पालकांची बैठक घेतली. सीपीएलचे साठ लाख, टाइप रेटिंग (ठरावीक जातीचं विमान उडवायचं प्रशिक्षण) वेगळं, राहणं-खाणं वेगळं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत केंद्रीय मंत्र्यांचं वाक्य, की येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार पायलट लागतील. "इतका तुटवडा आहे, नोकरी शंभर टक्के," असं तो म्हणाला. मी म्हटलं, हे शंभर टक्के कागदावर लिहून द्याल? त्याने माझ्यासाठी दुसरा चहा मागवला.

आता दुसरी बाजू. माझ्या मेहुण्याच्या ओळखीतला सावंतवाडीचा एक मुलगा. २०२३ मध्ये सीपीएल हातात आलं, तेव्हापासून मामाच्या काजूच्या कारखान्यात हिशेब बघतो. दरवर्षी मेडिकल आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणं बघून उडवायची पात्रता) चालू ठेवायला पैसे भरतो, कारण ते चुकलं तर मुलाखतीलाही बोलावत नाहीत. त्याला भेटायला गेलो तर बोलता बोलता काजूगर वेगळे काढत होता, अख्खे एका डब्यात, पाकळी दुसऱ्या डब्यात. वाईट वाटलं.

आणि तिसरी बाजू माझ्याच गाडीतली. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात माझ्या पाच ट्रिपा रद्द झाल्या. ५ तारखेला देशभरात एकाच दिवशी हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली, कारण काय, तर पायलट पुरत नाहीत. मग ह्या काजूवाल्याला कोणी का बोलवत नाही?

मला मोठ्या कंपन्यांपेक्षा लहान विमानांच्या कंपन्यांबद्दल विचारायचं आहे. फ्लाय९१ तर आपल्या मोपाचीच, मार्च २०२४ पासून एटीआर (पंख्याची लहान प्रवासी विमानं) उडवते. सिंधुदुर्ग, जळगाव, सोलापूर, आगत्ती. मुलीला वाटतं आधी अशा ठिकाणी लागावं, घराजवळ राहावं. तिथे नवख्यांना घेतात का? पगार कर्जाचा हप्ता फेडण्याइतका असतो का? आणि कंपनी बंद पडली तर पुढे काय?

पैशाचंही सांगून टाकतो. जमीन आहे पण एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) अजून आजोबांचं नाव. इन्व्हेंटरी (वारसांतली कोर्टातली वाटणी) झालेली नाही, चार काका, त्यातले दोन मुंबईला. बँकेचा वकील कागद बघून नुसता हसला. राहतं घर तेवढं माझ्या एकट्याच्या नावावर. आपल्याकडच्या कायद्यात बायकोची सही लागतेच. ती सही करेल. पण "कर" असं अजून म्हणालेली नाही.

ढगाळ_दुपार:

मोपावाले दादा, मी सहा वर्षं एटीआर उडवलं, आता एअरबसवर आहे. तुमच्या गाडीत झोपलोही असेन.

तुटवडा खरा आहे, पण तो डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटचा. कॅप्टन व्हायला एटीपीएल (सीपीएलच्या वरचा परवाना) लागतं, त्याला किमान १५०० तास. दुसऱ्याला शिकवू शकेल असा कॅप्टन तर त्याहून दुर्मीळ. तुमच्या मुलीकडे सीपीएल येईल तेव्हा २०० तास असतील, तेही बहुतेक एका इंजिनाच्या छोट्या विमानावरचे. तिला घेतलं की आधी टाइप रेटिंग, मग प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून लाइन ट्रेनिंग (प्रवासी असलेल्या उड्डाणांवर), मग रिलीज, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय उडवायची मोकळीक. मोजकी एटीआर असलेल्या कंपनीत असे प्रशिक्षक बोटांवर मोजण्याइतके. एका वेळी ते दोन-तीन पोरं सांभाळणार, आणि बाहेर रांग शेकड्यांची. एकट्या २०२३ मध्ये डीजीसीएने (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) १६२२ सीपीएल दिली. म्हणून कॅप्टनअभावी विमान उभं राहतं आणि त्याच दिवशी तुमचा सावंतवाडीचा मुलगा काजू निवडत असतो.

डिसेंबरचा गोंधळ मात्र वेगळा. पायलटांच्या ड्यूटीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. पावणेदोन वर्षं हातात होती. त्या वेळात माणसं घेऊन तयार केली असती तर तुमच्या ट्रिपा रद्द झाल्या नसत्या. पायलट मिळत नाहीत यापेक्षा हिशेबाने कमीत कमी ठेवतात, हे माझं स्पष्ट मत.

पगाराचे आकडे मुद्दाम सांगत नाही, करारागणिक बदलतात. रचना बघा. महिन्याला अमुक तासांची हमी आणि पुढे तासाचा दर. हमी किती तासांची, हा पहिला प्रश्न, कारण पावसाळ्यात उड्डाणं कमी झाली की तीच हातात येते. रिलीज होईपर्यंत प्रशिक्षणार्थी म्हणून जे मिळतं त्यात साठ लाखांचा हप्ता बसवू नका, बसणार नाही. एटीआरचा दर जेटपेक्षा कमी असतो. पण हात बसतो तो तिथेच. दिवसाला चार-चार लँडिंग, समोर ढग, खाली आगत्तीची जेमतेम बाराशे मीटरची धावपट्टी आणि दोन्ही टोकांना समुद्र. माझं आजचं उडणं त्या सहा वर्षांवर उभं आहे.

बाँड मात्र नीट वाचा. कंपनी टाइप रेटिंगचा खर्च करते आणि त्याबदली काही वर्षं बांधून घेते, मध्येच सोडलं तर रक्कम भरायची. शिवाय डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभराची नोटीस द्यावी लागते.

आणि घर गहाण टाकायच्या आधी स्वस्तातल्या गोष्टी करा. आधी क्लास टू मेडिकल (प्राथमिक वैद्यकीय तपासणी), डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे. मग क्लास वन (सीपीएलला लागणारी कडक तपासणी), तुम्हाला बंगळूरचं हवाई दलाचं केंद्र सोयीचं. त्यात काही निघालं तर साठ लाख वाचले. मग कॉम्प्युटर नंबर (डीजीसीएच्या परीक्षांचा नोंदणी क्रमांक) काढून नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स हे पेपर घरून अभ्यास करून द्यायचे. ते सुटले तरच फ्लाइंगचे पैसे भरा. पेपर अडलेले आणि पैसे भरलेले अशी कितीतरी मुलं हँगरबाहेर बसलेली बघितलीत. विमान नादुरुस्त, प्रशिक्षक सोडून गेला, दोनशे तासांना तीन वर्षं.

तळकोकणी:

लहान कंपनीवर भरवसा ठेवू नका एवढंच सांगतो. आमच्या चिपीला (सिंधुदुर्गचा विमानतळ) ऑक्टोबर २०२१ मध्ये विमान आलं तेव्हा अख्खा जिल्हा बघायला गेला होता. पुढे कधी विमान आहे, कधी नाही. कॅगचा २०२३ चा उडान योजनेवरचा (लहान शहरांना विमानाने जोडायची सरकारी योजना) अहवाल वाचा. ७७४ मार्ग दिले, ३७१ सुरू झाले, ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली, मार्च २०२३ ला ५४ उरले होते. मार्ग गेला की विमान गेलं, विमान गेलं की पायलट कशाला हवेत?

ढगाळ_दुपार:

@तळकोकणी, आकडे बरोबर. पण कंपनी बुडाली तरी लॉगबुक (उडवलेल्या तासांची नोंदवही) बुडत नाही. एटीआरचे हजार तास कुठेही चालतात. बुडतो तो बाँड भरून नुकताच बसलेला, शंभर तासांवरचा.

न्यूजर्सीकर:

अमेरिकेत हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झालं. २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तास सक्तीचे. रिजनल (लहान गावांना जोडणाऱ्या) कंपन्यांत पगार तुटपुंजा, मग एवढे तास करून कोण येणार? मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने पायलट नाहीत म्हणून २९ लहान गावांची सेवा थांबवण्याची नोटीस दिली. त्याच उन्हाळ्यात अमेरिकन एअरलाइन्सच्या रिजनल कंपन्यांनी नव्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलरवर नेला. पगार वाढला तशी माणसंही उगवली. आणि २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतल्यावर नवखे पुन्हा रांगेत.

गोव्याच्या माणसाला भरती-ओहोटी काय सांगायची. आपल्याकडे जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दोन्ही वेळी अनुभवी पायलट एकदम बाजारात आले आणि नवे मागे ढकलले गेले. तुमची मुलगी तीन-चार वर्षांनी तयार होईल, तेव्हा समुद्र कुठे असेल हे तो चहा पाजणारा सांगू शकत नाही.

इन्व्हेंटरीग्रस्त:

माझी इन्व्हेंटरी नऊ वर्षं चालली, म्हणून जमिनीच्या भरवशावर राहू नका. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्ज योजना आहे. तिथे जाऊन पायलट प्रशिक्षण बसतं का आणि किती मिळतं ते विचारा. साठ लाख नाही निघणार, पण जेवढे मिळतील तेवढे घरावरचे कमी. बँकेत साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. आणि मुंबईच्या काकांना चतुर्थीला गाठा. पोट भरलेलं असतं, तेव्हाच सह्या होतात.

ढगाळ_दुपार:

एक राहिलंच. अकादमी निवडताना डीजीसीएची क्रमवारी बघा. पहिली यादी सप्टेंबर २०२५ अखेर आली, त्यात वरच्या दोन्ही श्रेणींत एकही संस्था नव्हती. चहावाल्याची संस्था कुठे आहे ते शोधा.

मोपावाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा मुलीला वाचायला दिला. मग तिच्या आईनेही वाचला, दोनदा. ती फक्त म्हणाली, "आधी ते मेडिकल करा." क्लास टूची वेळ घेतली आहे, येत्या मंगळवारी. मुलीला चष्मा आहे, नंबर पावणेदोन. चालतो ना?

ढगाळ_दुपार:

चष्मा चालतो. रंग ओळखता यायला हवेत. ठिपक्यांच्या पुस्तिकेतले आकडे वाचायला लावतील.

मोपावाला:

काल रात्री साडेबाराच्या ट्रिपला एक सहवैमानिक एकटाच होता, असेल पंचवीस-सव्वीसचा. धीर करून विचारलं, बाँड किती वर्षांचा?

"पाच, काका. दोन सरली."

सुकेकुळणच्या वळणावर आरशात बघितलं, तर टोपी मांडीवर ठेवून झोपला होता. एसी थोडा कमी केला.