मदत हवी आहे: 'सहा महिन्यांत फायबर' या बातमीवर किती विसंबायचं?

वायफळ_वायफाय (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

विषय किरकोळ वाटेल, पण निर्णय दोन वर्षांचा आहे म्हणून विचारतोय. आमच्या भागात येत्या सहा महिन्यांत ऑप्टिकल फायबर येणार, अशी बातमी परवा पुन्हा वाचली. पुन्हा म्हणायचं कारण, हीच बातमी आधीही येऊन गेली आहे आणि तेव्हाही सहाच महिने होते. फोटोही त्याच वळणाचा: केशरी पाइपाचं भेंडोळं, शेजारी कोरी हेल्मेटं घातलेले पाहुणे, आणि खड्ड्यात उतरलेला एक खराखुरा कामगार, ज्याच्याकडे फोटोतलं कुणीच बघत नाहीये.

सध्या माझ्याकडे वायरलेस जोडणी आहे. दिवसा ठीक चालते, संध्याकाळी मान टाकते. कामासाठी मोठ्या फायली चढवाव्या लागतात, त्यामुळे अपलोडचा प्रश्न रोजचाच. आता ही कंपनी दोन वर्षांचा करार पुढे करते आहे. सही केली तर दर कमी, महिन्यामहिन्याने घेतलं तर जास्त. फायबर खरंच सहा महिन्यांत येणार असेल तर सही करणं मूर्खपणा. नसेल येणार, तर दर महिन्याला उगाच जादा पैसे भरत बसायचं. म्हणजे बातमीतल्या त्या एका आकड्याची किंमत माझ्या खिशातून जाते.

फायबर टाकणाऱ्या कंपनीला फोन केला, तर 'लवकरच'. त्यांच्या संकेतस्थळावरच्या नकाशात आमची गल्ली हिरवी आहे. हिरव्याचा अर्थ खाली बारीक अक्षरात दिलाय: 'उपलब्ध किंवा लवकरच उपलब्ध'. आता यातून काय कळणार, कपाळ!

तर जाणकारांनो, बातमीतली ही तारीख मुळात येते कुठून? त्यातलं खरं काय धरायचं? आणि केबल आपल्या दाराशी येतेय का, हे बातमी सोडून आणखी कशावरून ओळखता येतं? 'थोडी वाट बघा' एवढं मात्र सांगू नका, तेच चाललंय.

खडूस

बातमीतले सहा महिने संपत नसतात, नुसते पुढे सरकतात. सही करून मोकळे व्हा.

जुना_बातमीदार

काही वर्षं स्थानिक पान सांभाळलंय, त्यामुळे तारखेचा उगम सांगू शकतो. प्रेसनोट संध्याकाळी येते, पान सोडायची वेळ जवळ आलेली असते. नोटमध्ये एक तारीख असते. ती ठेकेदाराच्या कार्यादेशातली मुदत असू शकते, मुख्य केबल टाकण्याची असू शकते किंवा कुणा अधिकाऱ्याने भाषणात ठोकलेली असू शकते. ही तारीख नेमक्या कोणत्या कामाची, हे विचारायला फोन फिरवावा लागतो आणि तो फिरवला जात नाही. मथळ्यात मात्र ती 'इंटरनेट येणार' या कामाची होऊन बसते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भूमिपूजनाला कार्यक्रम असतो, फोटो असतो. मुदत उलटून गेली याचा कार्यक्रम कुणी ठेवत नाही आणि त्याची प्रेसनोटही निघत नाही. म्हणून तुम्हाला घोषणा दिसते, उशीर दिसत नाही, आणि थेट पुढची घोषणाच दिसते. मोठ्या सरकारी प्रकल्पांचं तसं होत नाही, कारण तिथे लेखापरीक्षण असतं, संसदेत प्रश्न विचारले जातात. भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याचं (पुढे 'भारतनेट') उद्दिष्ट होतं दोन वर्षांत अडीच लाख ग्रामपंचायती. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पूर्ण झाल्याचं जाहीर व्हायला डिसेंबर २०१७ उजाडलं. हे आपल्याला कळतं, कारण हिशेब मागणारं कुणीतरी आहे. तुमच्या गल्लीचा हिशेब कोण मागणार?

आणि हा रोग जुना आहे. अटलांटिक महासागरातून टाकलेल्या तारेची दोन्ही टोकं ५ ऑगस्ट १८५८ ला किनाऱ्याला लागली. वर्तमानपत्रं नुसती नाचत होती. न्यूयॉर्कमध्ये आतषबाजी इतकी झाली की सिटी हॉलच्या छपराला आग लागली. प्रत्यक्षात व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले होते, आणि काही आठवड्यांतच तार मुकी झाली. टिकाऊ जोडणी झाली १८६६ मध्ये. 'तार पोचली' ही बातमी खोटी नव्हती. वाचणारा वाट बघत होता त्या गोष्टीची ती बातमी नव्हती, इतकंच.

स्प्लायसर

फायबर जोडण्याचंच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

केबल टाकणं हे या कामातलं सगळ्यात लवकर उरकणारं काम. डक्ट (केबलसाठी जमिनीखाली टाकलेला पाइप) मोकळा असेल तर एका दिवसात भरपूर अंतर होतं. यंत्राने हवा मारून केबल आत फुंकतात. वेळ खातात त्या त्याच्या आधीच्या परवानग्या. रस्ता एकाचा, पदपथ दुसऱ्याचा, खांब तिसऱ्याचे, मधे नाला किंवा रेल्वे आली की आणखी एक दार. यातली एक जरी सही अडली तरी खोदाई तिथेच थांबते, आणि अलीकडे-पलीकडे केबल टाकलेली असूनही मधला तुकडा कोरडाच. बातमीत किती किलोमीटर झाले ते येतं, हा तुकडा येत नाही.

केबल पडल्यावर जोडकाम. दोन तंतू वितळवून जोडायला यंत्राला काही सेकंद पुरतात, पण सोलणं, पुसणं, काटकोनात कापणं, ट्रेमध्ये नीट गुंडाळून बसवणं, हे प्रत्येक तंतूला करावं लागतं, आणि मोठ्या केबलमध्ये असे ९६, १४४ किंवा जास्तही तंतू असतात. मग ओटीडीआर (तंतूत प्रकाश सोडून दोष कुठे आहे ते दाखवणारं यंत्र) लावून तपासणी. त्यानंतर एक्स्चेंजमधल्या ओएलटीवर (कंपनीच्या बाजूचं मुख्य यंत्र, जिथून घरोघरची जोडणी सुरू होते) पोर्ट हवा, तुमच्या भागात स्प्लिटर हवा (एका तंतूतला प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग, एका तंतूवर साधारण ३२ घरं), आणि सगळ्यात शेवटी स्प्लिटरपासून तुमच्या घरापर्यंतची ड्रॉप केबल.

कंपन्या जो आकडा मिरवतात तो 'होम्स पास्ड'चा, म्हणजे ज्यांच्यासमोरून केबल गेली ती घरं. नळाची मुख्य लाइन रस्त्यातून गेली म्हणून स्वयंपाकघरात पाणी येत नाही, तसंच हे. ऑस्ट्रेलियाच्या एनबीएन या राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्यात तर 'सर्व्हिस क्लास शून्य' असा वर्गच होता: जाळं पोचलं म्हणून मोजलेलं घर, पण जोडणी मागायची सोय नाही.

त्यामुळे 'कधी येणार' असं विचारूच नका, उत्तर 'लवकरच' असंच येणार. असं विचारा: आमच्या भागाचा स्प्लिटर बसला का? ओएलटीला जोडला का? आज अर्ज केला तर जोडणीची तारीख मिळेल का? तारीख मिळाली तर फायबर आलं. नाही मिळाली तर नकाशा हिरवा असो की जांभळा.

वायफळ_वायफाय

@स्प्लायसर, फार आभार. एक सांगा, आमच्या कोपऱ्यावरच्या खांबाला काळ्या केबलचं भेंडोळं बांधून ठेवलंय, बरेच दिवस तसंच आहे. हे चांगलं लक्षण का?

स्प्लायसर

भेंडोळं म्हणजे जोडासाठी राखलेली जादा लांबी. त्याचं टोक बघा. टोकाला टोपी किंवा टेप असेल आणि आसपास डबा नसेल, तर जोडकाम व्हायचंय. केबल दोन्ही बाजूंनी काळ्या घुमटासारख्या डब्यात शिरत असेल तर जोड झालाय. त्याच्या पुढे बारीक केबलींची तोंडं असलेली छोटी पेटी दिसली, तर तुमचं काम शेवटच्या टप्प्यात आहे. नुसता घुमटच असेल तर फार हुरळू नका, ती पुढच्या भागाकडे निघालेली मुख्य केबलही असू शकते. आणि हो, खालूनच बघा, खांबावर चढू नका.

निमशहाणा

सगळ्याच तारखांना थाप म्हणणं हाही आळसच. मारेआ ही अमेरिका आणि स्पेन यांना जोडणारी सुमारे ६,६०० किलोमीटरची समुद्री केबल मे २०१६ मध्ये जाहीर झाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये टाकून पूर्णही झाली. खोल समुद्रात जहाज दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर केबल सोडू शकतं. परवानग्या लागतात, पण त्या मुख्यतः किनाऱ्याजवळ. जिथे पैसा टाकणाराच वापरणारा असतो आणि वाटेत मालक कमी असतात, तिथे तारखा पाळल्या जातात. तुमच्या गल्लीत नेमकं उलटं आहे.

माझा आक्षेप वेगळाच आहे. तारीख हुकली तर निदान दिसते तरी. तारीख तीच ठेवून आतला माल बदलला तर कुणाच्या लक्षात येत नाही. ब्रिटनमध्ये २०१९ साली वचन होतं २०२५ पर्यंत सर्वांना पूर्ण फायबरचं. नोव्हेंबर २०२० मध्ये ते झालं किमान ८५ टक्के, आणि तेही 'गिगाबिट-क्षम' (सेकंदाला एक गिगाबिट वेग देऊ शकणारं), ज्यात टीव्ही केबलच्या जाळ्यावरून मिळणारा वेगही मोजता येतो. २०२५ जिथल्या तिथे. ऑस्ट्रेलियातही २००९ ची घोषणा ९० टक्के घरांत थेट फायबर नेण्याची होती. २०१३ नंतर जुन्या तांब्याच्या तारा त्यात मिसळल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये जाळं उभारून झाल्याचं जाहीर झालं. म्हणून धागाकर्त्यांनी जुनी बातमी शोधून नव्या बातमीशेजारी ठेवावी. तारखा सोडा, काय देणार म्हणाले होते ते बघा. आधी 'घरापर्यंत फायबर' होतं आणि आता नुसतं 'वेगवान ब्रॉडबँड' असेल तर ओळखा.

जुना_बातमीदार

@निमशहाणा, मान्य. उलट दिशेची ढिलाईही असतेच. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ च्या कायद्याने ब्रॉडबँडसाठी ४२.४५ अब्ज डॉलर ठेवले, आणि तीन वर्षांनी 'एकही घर जोडलं नाही' असे मथळे आले. खरेच होते. पण आधी नकाशे, मग राज्यांचे आराखडे, मग निविदा हा क्रम कायद्यातच लिहिलेला होता, हे त्यातल्या कितीतरी बातम्यांनी सांगितलं नाही. घोषणा छापताना कायदा वाचला नाही आणि झोडपतानाही नाही.

वायफळ_वायफाय

भेंडोळं बघून आलो. टोकाला टेप, डबा नाही. कंपनीला @स्प्लायसर यांचे तिन्ही प्रश्न विचारले. स्प्लिटर बसलेला नाही, जोडणीची तारीख देता येत नाही. जुनी बातमीही सापडली. तिच्यात 'प्रत्येक घरात' होतं, नव्या बातमीत 'परिसरात' आहे.

वायरलेसवाल्यांशीही बोललो. करार मधेच मोडला तर दंड सगळ्या उरलेल्या महिन्यांचा नाही, महिन्यागणिक कमी होत जातो, असं तोंडी म्हणाले. लेखी मागितलंय. आलं तर सही करतो, नाही आलं तर महिन्याचं चालू ठेवतो.

शेवटची शंका: आमची इमारत जुनी आहे. आतून केबल न्यायची परवानगी वगैरे आधीच करून ठेवता येते का, की ते आल्यावरच बघायचं?

स्प्लायसर

आधीच करा. दारापर्यंत फायबर येऊन इमारतीच्या एका संमतीसाठी अडकलेली कामं मी कितीतरी बघितली आहेत. इमारतीकडून लेखी संमती घ्या, जिन्यातून वर जाणारा पाइप कुठून घ्यायचा ते ठरवा. रिकामा पाइप टाकून घेणार असाल तर वळणं गोलाईची ठेवा, काटकोनी नकोत, आणि आत एक नायलॉनची दोरी ओढून दोन्ही टोकांना बांधून ठेवा. दोरी नसली की आमचा अर्धा दिवस तिथेच जातो.