मदत हवी आहे: ६३ ची स्प्लिट विंडो कॉर्व्हेट, घेऊ का नको?

मंडळी, मी डेट्रॉइटजवळ राहतो. ओहायोतल्या एका आजोबांच्या कोठारात १९६३ ची शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार, कॉर्व्हेट स्टिंग रे कूपे (बंद छताची, दोन दारांची) मिळालीये, तीच ती मागची काच मधोमध दुभागलेली, जी फक्त त्या एकाच वर्षी आली आणि एकूण १०,५९४ कूपे बनल्या. पण आधीच्या कुणीतरी मधली पट्टी कापून ६४ ची अखंड काच बसवलीये!! तेव्हा म्हणे मागचं नीट दिसत नाही म्हणून लोक सर्रास कापायचे, आता रडा.

बॉडी फायबरग्लासची म्हणून वरून ठणठणीत वाटते, पण आतला स्टीलचा सांगाडा, ज्याला बर्डकेज म्हणतात, तो समोरच्या काचेखाली गंजलाय असं वाटतंय, कार्पेट उचललं तर भुगाच हातात आला. हे बॉडी चासीवरून न उचलता दुरुस्त होतं का? कुणी केलंय?

दुसरं म्हणजे इंजिन. ३२७ क्यूबिक इंचाचं आहे, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या पॅडवर (इंजिन ब्लॉकवरची सपाट जागा, जिथे नंबर ठोकलेला असतो) शेवटी आरएफ दिसतं, म्हणजे ३६० हॉर्सपॉवरचं फ्युएल इंजेक्शनवालं, पण इंजेक्शन युनिट गायब आणि वर साधा कार्ब्युरेटर. पॅड घासून नंतर नंबर ठोकलाय का हे कसं ओळखायचं? कारखान्यात ब्लॉक मशीनवर सपाट करताना पडलेल्या (ब्रोचिंगच्या) बारीक रेघा पुढून मागे जातात एवढंच माहितीये, फोटोत काही कळेना.

शनिवारी परत बघायला जातोय, बायकोला अजून सांगितलं नाहीये. काय काय तपासू? टॉर्च आणि आरसा घेतलाय.