ग्रीसची छोट्या जहाजाची सफर: विंडस्टार घ्यावं की सीबोर्न? (सोबत माळकरी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या वहिनी आहेत)

तापीकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी. आमचं जिनिंग आहे, सीझन मार्चपर्यंत आटोपतो, आणि पुढे बागायती कापसाच्या लागवडीची गडबड सुरू व्हायच्या आत, म्हणजे मेच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही दोघं आणि दादा-वहिनी असे चौघं ग्रीसला जायचं ठरवतोय, एरवी त्या दिवसांत जळगावात पंचेचाळीस डिग्रीत कूलरसमोर बसण्यापलीकडे काही होत नाही. पाच-सहा हजार माणसं असलेलं मोठं जहाज नको हे चौघांचं एकमत आहे, गाडा दादाने अडवलाय. त्याला विंडस्टार कंपनीचं ते शिडाचं जहाज हवंय, नाव 'विंड स्टार'च, 148 प्रवासी, चार डोलकाठ्या. फोटो बघितल्यापासून त्याच्या डोक्यातून जातच नाही. माझ्या मिसेसचं म्हणणं की आयुष्यात एवढा खर्च एकदा करतोय तर सीबोर्न कंपनीचं घ्या, आमच्या तारखांना 'एन्कोर' मिळतंय, 600 प्रवाशांचं, प्रत्येक खोलीला बाल्कनी. सात रात्रींसाठी जोडीमागे साधारण तीन-साडेतीन लाखांचा फरक येतोय.

अडचण अशी की वहिनींचा एक गुडघा बदललेला आहे, चालतात चांगल्या पण जिने नकोसे वाटतात. दुसरं म्हणजे त्या माळकरी आहेत, मुक्ताईची वारी चुकवत नाहीत, त्यामुळे दारू-मटण सोडाच पण त्याचा हात लागलेलंही चालत नाही, आणि एकादशी धरतात. आम्ही बाकीचे तिघंही घेणारे नाही. वहिनी स्वतः काहीच मागत नाहीत, "तुम्ही म्हणाल तिथं येते" एवढंच म्हणतात, म्हणून मला त्यांच्या बाजूने जास्त विचार करायचाय. कोणी यातलं काही पाहिलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

पांझरेकर, धुळे

भाऊ, सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकी सगळं त्यानंतर. 'विंड स्टार'ला लिफ्ट नाही. तिची जोडीदार 'विंड स्पिरिट', तिलाही नाही. जेवायला जिना, डेकवर जिना, खोलीत परत यायचं तर पुन्हा जिना, दिवसातून चार-पाच वेळा तरी होतंच. वहिनी तोंडाने काही बोलणार नाहीत आणि तिसऱ्या दिवसापासून "मी आपली खोलीतच बसते, तुम्ही या फिरून" असं सुरू होईल. तेव्हा ते जहाज तुमच्यासाठी बाद समजा, दादांची कितीही इच्छा असली तरी.

पण म्हणून विंडस्टार कंपनी बाद होत नाही. लोक कंपनी-कंपनीची तुलना करतात, खरं तर जहाज-जहाजाची करायला पाहिजे. विंडस्टारकडेच 'विंड सर्फ' म्हणून मोठं शिडाचं जहाज आहे, पाच डोलकाठ्या, सात शिडं, 342 प्रवासी, आणि त्याला लिफ्ट आहे. शिवाय त्यांची 'स्टार प्राइड', 'स्टार ब्रीझ', 'स्टार लेजंड' ही तीन बिनशिडाची जहाजं आहेत, ती आधी सीबोर्नचीच होती! विंडस्टारने ती विकत घेतली आणि पुढे इटलीत पालेर्मोच्या गोदीत मधोमध कापून, नवा तुकडा जोडून लांब केली, इंजिनंही नवीन बसवली, आता 312 प्रवासी बसतात. त्यांनाही लिफ्ट आहे. म्हणजे तुमच्यासमोर दोन नाही, निदान चार पर्याय आहेत.

शिडाच्या जहाजावर बाल्कनी नसते हे मात्र मिसेसना आधीच सांगा, गोल खिडक्या असतात. खोली साधारण 188 चौरस फूट. बाहेरचं सगळं डेकवर जाऊनच बघायचं. ज्याला डेक आवडतो त्याला त्याचं काही वाटत नाही, पण ज्याला सकाळचा चहा खोलीच्या बाहेर समुद्राकडे बघत एकट्याने घ्यायचाय त्याने एन्कोरच घ्यावं.

हतनूरची, भुसावळ

मी सासूबाईंना घेऊन सीबोर्नवर गेले होते म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या सासूबाईही शुद्ध शाकाहारी आणि स्वभावाने तुमच्या वहिनींसारख्याच, काही मागायचं नाही.

दादा, पोटाचा प्रश्न दोन्हीकडे सुटतो पण आपोआप सुटत नाही. बुकिंग झालं की एक फॉर्म येतो आहाराबद्दल, त्यात नुसतं 'व्हेज' लिहून थांबू नका. त्यांच्या व्हेजमध्ये अंडं चालतं. सूप दिसायला टोमॅटोचं असतं, खाली स्टॉक, म्हणजे उकळून काढलेलं पाणी, चिकनचा. सॉसमध्ये वाइन घालून आटवतात, आणि आचाऱ्याच्या मते ती उडून गेलेली असते, पण माळकरी माणसाला ते कसं चालेल? गोडात जिलेटिन, ते जनावराच्या हाडा-कातड्याचं. हे एकेक नाव घेऊन लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, मांसाचा स्टॉक नाही, स्वयंपाकात वाइन नाही, जिलेटिन नाही. आणि जहाजावर चढल्या चढल्या, पहिल्याच दुपारी, डायनिंगच्या मॅनेजरला गाठून तेच तोंडी सांगा. आमच्याकडे त्यानंतर रोज रात्री उद्याचा मेनू टेबलावर आणून दाखवायचे आणि सासूबाईंना काय हवं ते विचारून जायचे. कर्मचारी आणि प्रवासी जवळजवळ बरोबरीने असल्याने असं लक्ष देणं त्यांना परवडतं. दुसऱ्या दिवशी वरण-भात आणि जिऱ्याची फोडणी दिलेला बटाटा आला, किचनमधल्या एका भारतीय पोराने स्वतः आणून वाढला, तेव्हा सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

एकादशीचं म्हणाल तर फळं, उकडलेला बटाटा, दही, शेंगदाणे हे कुठेही मिळतं. राजगिऱ्याचे लाडू पॅकबंद घेऊन जा. पण पेढे, तूप, खवा बॅगेत टाकू नका, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून घेतात. दाण्याची चटणी, लोणचं चालतं, फक्त सीलबंद हवं.

माझं मत विचाराल तर सीबोर्न. एन्कोर 2016 चं आहे, विंड सर्फ 1990 चं. बाल्कनी, मोठं बाथरूम, लिफ्ट जवळ, खाण्यापिण्याचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत, टिपसुद्धा तिकिटातच. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांचं केलंय तिला आठवडाभर कोणीतरी विचारून विचारून वाढतंय, याची किंमत तीन लाखांत मोजू नका.

केळीबाग, रावेर

ताईंचं सगळं पटतं, पण पैशाची एक बाजू राहिली. सीबोर्नच्या तिकिटात दारू धरलेली असते, वाइन, शॅम्पेन, खोलीतला बार, सगळं. चौघांतलं कोणी थेंब घेत नाही म्हणजे त्या साडेतीन लाखांतला चांगला हिस्सा तुम्ही शेजारच्या टेबलासाठी भरताय. विंडस्टारचं साधं तिकीट घेतलं तर जेवण, चहा-कॉफी, थंड पेयं आलीच, दारू, वाय-फाय आणि टिप वेगळी, हवी तर पॅकेजमध्ये जोडता येते. तुम्ही जोडू नका, वाय-फायचं तेवढं बघून घ्या, टिप मात्र रोजच्या हिशेबाने लागते ती बजेटमध्ये धरा. न पिणाऱ्या माणसाला विंडस्टारचं गणित जास्त सरळ बसतं असं मला वाटतं. सहली दोन्हीकडे वेगळ्या पैशांच्या.

दुसरं, बंदरं बघा. मी कंपनीपेक्षा नकाशा आधी बघतो. छोटं जहाज घ्यायचंच ते कशासाठी, तर मोनेमवासिया, नाफ्प्लिओ, पॅटमॉस असल्या ठिकाणी जायला. मोनेमवासिया म्हणजे समुद्रात उभा खडक, एका अरुंद बांधाने जमिनीला जोडलेला, आणि खडकाच्या पोटात दगडी गल्ल्यांचं अख्खं मध्ययुगीन बायझंटाइन काळातलं गाव, बाहेरून दिसतच नाही. विंडस्टारच्या काही फेऱ्या कोरिंथ कालव्यातूनही जातात. 1893 ला खुला झालेला, सहा किलोमीटरच्या थोडा वर लांब, दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि पाण्याची रुंदी पंचवीस मीटरसुद्धा नाही. एन्कोरची रुंदीच 28 मीटर आहे, त्यामुळे ते त्यात शिरूच शकत नाही. तुमची फेरी त्या मार्गाची असेल तर दादांना शिडांपेक्षाही ते जास्त आवडेल.

आणि 148 माणसं म्हणजे किती हेही डोळ्यासमोर आणा, आपल्याकडे साखरपुड्यालासुद्धा यापेक्षा जास्त पानं उठतात. तिसऱ्या दिवशी सगळे एकमेकांना ओळखतात. वहिनींना इंग्रजीत गप्पा मारणं जड जात असेल तर एवढी जवळीक कधीकधी अवघडही होते, तीनशे-सहाशेच्या जहाजावर आपलं आपण बसता येतं.

तापीकाठ, जळगाव

लिफ्टचं सांगितलंत ते फार मोठं काम झालं पांझरेकर भाऊ, मुंबईच्या ज्या एजंटकडे बोलणं चालू आहे त्याला वहिनींच्या गुडघ्याचं दोनदा सांगूनही त्याने हे काढलं नव्हतं. हतनूर ताई, तुमची यादी मी जशीच्या तशी उतरवून घेतली, घरात वाचून दाखवली तर वहिनी म्हणाल्या "त्या बाईंना माझा नमस्कार सांगा".

आता दोन शंका. एक, छोटं जहाज जास्त हलतं का? दुसरं, सॅंटोरिनीला म्हणे जहाज धक्क्याला लागत नाही, होडीतून उतरावं लागतं, ते वहिनींना जमेल का? आणि एका मार्गात मध्येच तुर्कस्तानचं कुशादासी आहे, त्याचा व्हिसा कसा?

पांझरेकर, धुळे

हलतं, नाही म्हणणार नाही. एन्कोर चाळीस हजार टनांच्या वरचं, विंड सर्फ पंधरा हजारांच्या आतलं, फरक पडणारच. पण तुम्ही मेमध्ये जाताय ते उत्तम. एजियन समुद्रातला, म्हणजे ग्रीसच्या पूर्वेकडचा, उत्तरेचा वारा, मेल्तेमी म्हणतात त्याला, त्याचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये असतो, तेव्हा मिकोनोससारखं बंदर ऐनवेळी गाळावंही लागतं. खोली खालच्या डेकवर आणि जहाजाच्या मधोमध मागा, तिथं हालचाल सगळ्यात कमी. वरची, टोकाची खोली महाग असली तरी घेऊ नका.

सॅंटोरिनीला जुना ज्वालामुखी खचून झालेलं खोल पाणी आहे, नांगर टाकायला तळ सापडत नाही, म्हणून होडी. ती चढताना-उतरताना असं होतं: होडी लाटेबरोबर पायरीच्या वर-खाली होत राहते, दोन खलाशी दोन्ही बाजूंनी कोपराला धरतात, आणि होडी पायरीच्या पातळीला आली की "नाऊ" म्हणतात, तेव्हाच पाऊल टाकायचं. वहिनींना एवढंच शिकवा की हात त्यांच्या हातात द्यायचा नाही, त्यांना आपला दंड धरू द्यायचा, आणि आपण स्वतःहून घाई करायची नाही. चांगला पाय आधी की बदललेला हे डॉक्टरांना विचारून ठेवा. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस आणि बंद बूट बरे. वर गावात जायला केबल कार आहे, नाहीतर 588 पायऱ्या. मोठी जहाजं लागलेली असली की केबल कारला रांग असते, तेव्हा सकाळी पहिल्या होडीने जा आणि लवकर खाली या.

तिथं उतरायला आता माणशी शुल्कही आहे, ग्रीसने जुलै 2025 पासून लावलंय, सॅंटोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबर 20 युरो, मेमध्ये 12. बाकीच्या बंदरांना कमी. तिकिटात धरलंय की नंतर बिलात येणार ते विचारा.

गिरणाकाठ, मूळ चाळीसगाव, सध्या पुणे

व्हिसाचं मी सांगतो. शेंगेन, म्हणजे ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, घेताना मल्टिपल एंट्रीच मागा, कारण कुशादासीला उतरलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि पुन्हा ग्रीसमध्ये येता ती दुसरी एंट्री. सिंगल असेल तर जहाजावर चढूच देत नाहीत. तुर्कस्तानसाठी, हातात चालू शेंगेन व्हिसा असला की आपल्याला ई-व्हिसा ऑनलाइन काढता येतो. तिकडे जायचंच नसेल तर नुसत्या ग्रीसच्या फेऱ्याही असतात.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि मेची गर्दी बघता लवकर करा. जहाजाचे उरलेले पैसे सहसा तीन-चार महिने आधी भरावे लागतात आणि त्यानंतर रद्द केलं तर कापतात, तेव्हा अपॉइंटमेंट त्या तारखेच्या आधीची मिळते का बघा. इन्शुरन्स निदान 30,000 युरोचा लागतोच, पण तेवढ्यावर राहू नका, वहिनींच्या गुडघ्याचा उल्लेख करून जुना आजार धरणारी पॉलिसी घ्या आणि जहाजावरून हॉस्पिटलला हलवायचा खर्च त्यात आहे का ते लेखी घ्या. पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा आयकर, कापतील, तो रिटर्नमध्ये धरता येतो, सीएला पावती द्या. आणि विमान अथेन्सला आदल्या दिवशी पोचेल असंच घ्या. विदर्भ एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशी विमान, आणि उतरल्या उतरल्या जहाज असं घट्ट बांधू नका, वयस्कर माणूस सोबत आहे.

सातपुडा, शिरपूर

भो, येक गोट ध्यानमा ठेवा. एजंटले कंपनी नका इचारा, जहाजनं नाव इचारा. पांझरेकर भाऊनी सांगं ते खरं शे. माझ्या मते विंड सर्फ घ्या, दादांची शिडं राहतात, वहिनींची लिफ्ट राहते. संध्याकाळी बंदर सोडताना सगळे डेकवर जमतात, संगीत लावतात आणि शिडं एकेक करून उघडत जातात. कोणी दोर ओढत नाही, सगळं कॉम्प्युटरवर चालतं, तरी मान वर करून बघत राहावंसं वाटतं. कपड्यांचंही बंधन नाही, कोट-टायची रात्र नसते.

तापीकाठ, जळगाव

मंडळी, काल रात्री चौघं बसलो होतो. मिसेस आधी नाराज होती बाल्कनीसाठी, पण दारूचा हिशेब मांडल्यावर तीच म्हणाली की वाचलेल्या पैशांत अथेन्सला दोन दिवस जास्त राहू आणि बाल्कनीची खोली तिथल्या हॉटेलात घेऊ. दादाला विंड सर्फचे फोटो दाखवले, पाच डोलकाठ्या बघून तो लगेच तयार. वहिनींनी पहिल्यांदाच स्वतःहून विचारलं, "तिथं पहाटे उठून डेकवर बसता येतं का, हरिपाठाला?" पांझरेकर भाऊ, येतं ना?

एजंटला सांगितलंय की विंड सर्फची मेच्या पहिल्या पंधरवड्यातली फेरी बघ, खोल्या मधल्या भागात, लिफ्टजवळ, शेजारी-शेजारी. त्या तारखांना ते जहाज त्या भागात नसेल तर 'स्टार' नावाच्या तिघांपैकी एक, आणि तेही नसेल तर एन्कोर. लिफ्ट नसलेल्याचं नावच काढू नको म्हटलं. व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं आजच बघतो. आहाराचा फॉर्म आला की हतनूर ताई, भरून तुम्हाला पाठवतो, एकदा नजर टाका.

हतनूरची, भुसावळ

नक्की पाठवा दादा. आणि त्यात एक ओळ वाढवा, कांदा-लसूण एकादशीला चालत नाही, इतर दिवशी चालतो, तारीख घालून लिहा. तारीख नसेल तर ते आठवडाभर कांदा-लसूण बंद करतील आणि बाकी तिघांचे हाल होतील.

पांझरेकर, धुळे

येतं भाऊ, पहाटे डेक मोकळाच असतो. वहिनींना एक शाल बरोबर द्या, मेमध्ये सकाळी समुद्रावर वारा गार असतो.