डीह्युमिडिफायरचा आवाज – रात्री झोप नाही – मदत हवी आहे

चिंब_मुलुंड
डीह्युमिडिफायर (खोलीच्या हवेतला ओलावा ओढून पाणी काढणारं मशीन) घेतलाय. पाणी भरपूर काढतो, त्याबद्दल तक्रार नाही, पण आवाजाने डोकं उठलंय. त्या खोलीत बाबा (सासरे) झोपतात. ते रात्री मशीन बंद करून टाकतात आणि सकाळी खोलीला पुन्हा तोच कुबट वास. आवाज कमी कसा करायचा? फोम लावू का? का सुताराकडून खोकं करून त्यात ठेवू?
कृपया "एसी लावा" सांगू नये. "कशाला घेतलं" हेही नको, घेतलंय. शनिवारी कंपनीचा माणूस येतोय, त्याआधी सांगा.

निवांत_गोरेगाव
कसला आवाज? घूंऽऽ, खडखड की पंख्याचा सूंऽऽ? कितीचं मशीन? कुठे ठेवलंय?

चिंब_मुलुंड
आवाज म्हणजे आवाज. मोठा. १२ लिटरचं आहे, म्हणजे दिवसाला एवढं पाणी काढणारं. खोलीत ठेवलंय.

उगाचच
खोलीत ठेवलंय हे वाचून जीव भांड्यात पडला. मला वाटलं गच्चीत.

शांतिप्रिय
कंप्रेसरवालं घेतलंत तिथेच गाडी चुकली. मी पेल्टिअरवालं (कंप्रेसरऐवजी विजेने गार होणारी पट्टी असलेलं) छोटं घेतलंय, कपाटाशेजारी असतं, चालू आहे की बंद हे दिवा बघितल्याशिवाय कळत नाही. ते परत करा आणि हे घ्या.

कंप्रेसरकाका
शांतिप्रिय, तुमचं मशीन गप्प आहे कारण ते काम करत नाही :) पेल्टिअरवालं छोटं यंत्र दिवसाला पाव-अर्धा लिटर काढतं. कपाटाला ठीक. मुंबईच्या जुलैत एका अख्ख्या खोलीला ते कुठे पुरणार?

ताई, मी रेफ्रिजरेशनमध्ये नोकरी केलेला माणूस, म्हणून जरा लांबण लावतो. या मशीनमध्ये तीन वेगवेगळे आवाज असतात आणि तिघांवरचे उपाय वेगळे. एक पंख्याचा. जाळी धुळीने भरली की तो वाढतो, दर पंधरवड्याला जाळी नळाखाली धुऊन वाळवून लावा. दुसरा कंप्रेसरचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या कंप्रेसरची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास असते. हा खर्जातला आवाज फोमला जुमानत नाही, फोम वरच्या पट्टीतले आवाज शोषतो. तिसरी थरथर. मशीन ज्यावर ठेवलंय तेही सोबत हलायला लागतं आणि मूळ आवाजापेक्षा याचाच त्रास जास्त.

ओळखायचं कसं? फक्त पंखा चालेल असा मोड असेल तर लावा, जो आवाज उरेल तो पंख्याचा. मग नेहमीसारखं चालू करून पाण्याची टाकी अंगठ्याने दाबून धरा. खडखड थांबली तर टाकी सैल बसलीय, कडेला रबराची पातळ पट्टी पुरते. शेवटी कुणाच्या तरी मदतीने मशीन सरळ वर, जमिनीपासून बोटभर उचला. घूं एकदम कमी झाली तर दोष खालच्या वस्तूचा.

खोकं अजिबात करू नका. हे यंत्र ओढते त्यापेक्षा गरम हवा बाहेर सोडतं. ती कोंडली की कंप्रेसर तापतो आणि शेवटी स्वतःहून बंद पडतो.

आता सांगा: कशावर ठेवलंय, भिंतीपासून किती लांब, आणि आर्द्रतेचे टक्के किती लावलेत?

पार्ल्याची_पमा
आमच्याकडे कपाटात कडुलिंबाचा पाला आणि लाकडी कोळसा फडक्यात बांधून ठेवतात. आवाज शून्य, वीज शून्य.

कंप्रेसरकाका
पमाताई, पाल्याने कीड लांब राहते, खोलीतल्या हवेतलं पाणी कसं जाईल?

पार्ल्याची_पमा
तुम्ही ठेवून बघितलाय का कधी? आधी ठेवा, मग बोला.

निवांत_गोरेगाव
धागाकर्तीने नको म्हटलंय तरी सांगतो: एसीचा ड्राय मोड (हवा कोरडी करणारा). एसीचा कंप्रेसर खिडकीबाहेर असतो, डीह्युमिडिफायरचा तुमच्या उशाशी. सगळा फरक इथे आहे. स्प्लिट असेल तर कानाला फक्त आतला पंखा ऐकू येतो.

चिंब_मुलुंड
बाबांचे गुडघे धरतात एसीत. म्हणूनच नको लिहिलं होतं. खोली गार न होता कोरडी हवी आहे.
टक्के ४० लावलेत, दुकानदाराने तेच सांगितलं. पेटीवर ठेवलंय.

निवांत_गोरेगाव
कसली पेटी??

चिंब_मुलुंड
ट्रंक हो, पत्र्याची. मशीनचा पाइप मोरीत सोडलाय, मोरीला उंबरा आहे, उतार मिळायला उंची लागणारच ना. टाकी उपसत कोण बसणार.

उगाचच
भरलेली की रिकामी? :)

चिंब_मुलुंड
अर्धी. गोधड्या आहेत. हे सगळं कशाला हवंय?

कंप्रेसरकाका
हेच तर हवं होतं ताई. अर्धी रिकामी पत्र्याची ट्रंक म्हणजे ढोलकी. वर थरथरणारं यंत्र ठेवलंत की तो अख्खा पत्रा वाजणार. उंची हवीच, पण भरीव. सिमेंटचे ठोकळे रचा, त्यावर कडप्प्याचा तुकडा, आणि कडप्पा व मशीन यांच्यामध्ये जाड रबरी पॅड, वॉशिंग मशीनच्या पायाखाली मिळतात ते. वजनदार वस्तू सहज थरथरत नाही आणि रबर उरलेली थरथर खाली जाऊ देत नाही. रचना डुगडुगता कामा नये, मशीन सरळच हवं. खोलीच्या कोपऱ्यात असेल तर बाहेर काढा, कोपऱ्यात खर्जाचा आवाज दोन्ही भिंतींवरून परततो. भिंतीपासून निदान वीतभर लांब.

आणि ४० टक्के? पावसात बाहेर ८५-९० असताना ४० गाठायला ते रात्रंदिवस चालत राहणार. ५५ ते ६० ठेवा. बुरशी रोखायला तेवढं पुरतं आणि मशीनला मधूनमधून थांबायला मिळेल. थांबलेला कंप्रेसर सगळ्यात शांत.

शांतिप्रिय
पेल्टिअर नको तर डेसिकंट घ्या. त्यात कंप्रेसरच नसतो, ओलावा शोषणारी चकती हळूहळू फिरते. परदेशात खूप चालतात.

कंप्रेसरकाका
थंड प्रदेशात चालतात, कारण गारठ्यात कंप्रेसरवाल्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो. पण ती चकती वाळवायला आत हीटर असतो. वीज जास्त, आणि खोलीत चांगलीच गरम हवा. दादरच्या ३० अंशांत हीटर लावून झोपणार का?

शांतिप्रिय
तुम्ही प्रत्येकाचं खोडून काढताय.

कंप्रेसरकाका
चुकीचं असेल तर काढणारच.

वसुधा_के
अवांतर: त्या मशीनचं पाणी ओतून देऊ नका. आमचे हे इनव्हर्टरच्या बॅटरीत घालतात, डिस्टिल्ड वॉटरच असतं ते.

निवांत_गोरेगाव
नसतं हो. वाफेचं पाणी झालेलं असलं तरी ते धुळीच्या नळ्यांवरून ओघळून टाकीत साचतं. बॅटरीत नको, पिऊ तर नकाच. लादी पुसायला घ्या.

वसुधा_के
बॅटरी अजून ठणठणीत आहे आमची.

सोसायटी_सेक्रेटरी
आवाजाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आमच्या शेजारच्या पुनर्विकासवाल्यांना हे कुणी सांगेल का? ड्रिलिंग सुरू झालं की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

उगाचच
सेक्रेटरीसाहेब, सासऱ्यांनी सुनेवर गुन्हा दाखल करावा असं सुचवताय का?

तळमजलेकर
कोणत्या मजल्यावर राहता हे कुणी विचारलंच नाही.

चिंब_मुलुंड
तळमजला. त्याने आवाजाला काय फरक पडतो?

तळमजलेकर
पडतो. पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंती खालून ओल ओढतात. बाहेरच्या भिंतीला डक्ट (इमारतीचे पाइप जातात ती उभी मोकळी जागा) असेल आणि पाइप गळत असेल तर विचारूच नका. भिंतीतून पाणी येतच राहिलं तर मशीन थांबणार कधी? आमच्याकडे डक्टमधला फुटलेला पाइप बदलल्यावर मशीन रात्री तासन् तास गप्प बसायला लागलं. कंपनीच्या माणसाआधी प्लंबर बोलवा. आणि खिडकी बंद असते ना?

चिंब_मुलुंड
फटीएवढी उघडी असते. बाबांना कोंडल्यासारखं होतं.

तळमजलेकर
म्हणजे मुलुंडची अख्खी हवा कोरडी करायची. मग टाइमर लावा. दुपारी बाबा बाहेरच्या खोलीत असताना दारं-खिडक्या बंद करून जोरात चालवायचं, रात्री बंद. बंद खोलीत भिंती, गाद्या, पुस्तकं वाळली की रात्रीपुरतं निभावतं.

चिंब_मुलुंड
पुस्तकांसाठीच तर घेतलं. बाबांचे दिवाळी अंक आहेत, भिंतभर. मागच्या पावसात खालच्या रांगेतले अंक एकमेकांना चिकटले, सोडवायला गेलं की मुखपृष्ठाचा रंग पुढच्याच्या पाठीवर.

ट्रंक काढली. ठोकळे, कडप्पा, पॅड सगळं केलं, ५८ वर लावलं. पलंगाशी मोबाइल धरला तर आधी ५२ दाखवत होता, आता ४४.

निवांत_गोरेगाव
मोबाइलच्या आकड्यांवर विसंबू नका.

कंप्रेसरकाका
खरा आकडा चुकेल, पण तोच मोबाइल, तीच जागा, तर फरक तरी कळतो. १० डेसिबल कमी म्हणजे कानाला आवाज साधारण निम्मा. ८ म्हणजे उत्तम झालं. कंपनीच्या माणसाला मात्र येऊ द्या, पंखा कुठे घासत नाही ना ते बघून घ्या.

चिंब_मुलुंड
घूं गेली, पंखा चालेल म्हणतात बाबा. पण आता त्यांना मोरीतली टपटप ऐकू येते!! आधी घूंमध्ये दबत होती. पाइपातून थेंब पडतात रात्रभर. यावर काय?

पार्ल्याची_पमा
पाइपाच्या तोंडाशी सुती दोरी बांधा, दुसरं टोक मोरीच्या लादीला टेकवा. थेंब दोरीवरून ओघळत जाईल, पडणार नाही. आमच्या एसीच्या पाइपाला वर्षानुवर्षं बांधलीय.

कंप्रेसरकाका
हे एकदम बरोबर. फक्त पाइपाचं टोक साचलेल्या पाण्यात बुडू देऊ नका, गुडगुडेल.

पार्ल्याची_पमा
पाल्याचंही बरोबरच होतं.

वसुधा_के
मोरीत सोडण्यापेक्षा बादली ठेवा म्हणते मी. इस्त्रीत घालायला तरी चालेल ना ते पाणी?