ट्रेसी चॅपमन: पंधरा वर्षे नवा संग्रह नाही, तरीही पुरस्कार कसा?

अनुनाद यांचा प्रश्न:

अमेरिकी गायिका व गीतकार ट्रेसी चॅपमन यांचे ‘फास्ट कार’ हे गाणे आपल्याकडेही अनेकांनी ऐकलेले असते, परंतु त्यांच्याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. नव्या गाण्यांचा त्यांचा अखेरचा संग्रह ‘अवर ब्राइट फ्यूचर’ २००८ मध्ये आला, पुढच्या वर्षी त्यांनी शेवटचा दौरा केला आणि त्यानंतर त्या क्वचितच लोकांसमोर आल्या. असे असताना २०२३ मध्ये ल्यूक कोम्स या कंट्री (अमेरिकी ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या शैलीच्या) गायकाने ‘फास्ट कार’ पुन्हा गायले, ते अमेरिकेतील कंट्री रेडिओवर पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार गीतकार म्हणून चॅपमन यांना मिळाला. माझे दोन प्रश्न आहेत. ऐन भरात असताना मागे सरलेल्या या गायिकेची कारकीर्द अर्धवट राहिली, असे म्हणावे काय? आणि कोम्स यांच्या गाण्यावर हरकत न घेणाऱ्या चॅपमन यांनी २०१८ मध्ये रॅप गायिका निकी मिनाज यांच्यावर दावा का लावला होता? मला यात विसंगती दिसते.

कॅसेटवेडा:

पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. चॅपमन यांचा जन्म ३० मार्च १९६४ रोजी ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला आणि आईने एकटीने त्यांना वाढवले. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्या गिटार वाजवू आणि गाणी रचू लागल्या. शिष्यवृत्तीमुळे त्यांना कनेक्टिकटमधील खासगी शाळेत आणि पुढे बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात शिकता आले. तिथे मानववंशशास्त्राचा अभ्यास चालू असताना त्या केंब्रिजच्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये रस्त्यावर उभ्या राहून गात असत. ब्रायन कॉपेलमन या सहाध्यायाचे वडील गीतप्रकाशनाच्या व्यवसायात होते आणि त्यांच्यामार्फत इलेक्ट्रा या कंपनीशी करार झाला. एप्रिल १९८८ मध्ये त्यांच्याच नावाचा पहिला संग्रह निघाला.

यापुढची हकीकत सांगताना मला नेहमीच थोडे थांबावेसे वाटते. ११ जून १९८८ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर नेल्सन मंडेला यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त मोठा कार्यक्रम झाला आणि मंडेला त्या वेळी तुरुंगातच होते. चॅपमन यांचे गायन आधीच होऊन गेले होते. संध्याकाळी स्टीव्ही वंडर यांच्या वाद्ययंत्रणेची हार्ड डिस्क सापडेना आणि ते मंचावरून निघून गेले, तेव्हा पडलेली पोकळी भरून काढण्यासाठी चॅपमन यांना एक गिटार देऊन पुन्हा एकटीने पाठवण्यात आले. साठहून अधिक देशांत प्रक्षेपित होणाऱ्या त्या कार्यक्रमात त्यांनी ‘फास्ट कार’ गायले आणि त्यानंतर त्यांच्या संग्रहाची विक्री झपाट्याने वाढली. त्याच वर्षी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेच्या जगभरच्या दौऱ्यात स्टिंग, ब्रूस स्प्रिंगस्टीन, पीटर गेब्रियल आणि युसू न्दूर यांच्यासोबत त्या ३० सप्टेंबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवरही गायल्या होत्या, हे आता आपल्यापैकी फारच थोड्यांना आठवत असेल.

यानंतर १९८९ मध्ये तीन ग्रॅमी, १९९५ चा ‘न्यू बिगिनिंग’, त्यातील ‘गिव्ह मी वन रीझन’ला मिळालेला चौथा ग्रॅमी आणि एकूण आठ संग्रह, एवढा ऐवज वीस वर्षांत जमा झाला. याला अर्धवट म्हणणे मला पटत नाही. प्रसिद्धीची त्यांना कधीच विशेष ओढ नव्हती.

हिशेबनीस:

दुसऱ्या प्रश्नात दिसणारी विसंगती कायदा पाहिला की उरत नाही. अमेरिकेत एखादे गाणे एकदा रीतसर प्रकाशित झाले की ते मूळ चाल आणि स्वरूप न बदलता पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यासाठी गीतकाराची परवानगी लागत नाही, मात्र ठरलेले शुल्क द्यावे लागते. कोम्स यांनी नेमके हेच केले. वडिलांच्या ट्रकमध्ये लहानपणी ऐकलेले हे गाणे त्यांनी शब्दाला शब्द ठेवून गायले, इतके की किराणा दुकानात काम करणारी ‘मुलगी’ही पुरुषाच्या आवाजात तशीच राहिली.

मिनाज यांचे प्रकरण वेगळे आहे. त्यांनी ‘बेबी कॅन आय होल्ड यू’ या गाण्याचे शब्द आणि चाल घेऊन त्यावर नवे गाणे बांधले होते. अशा वापरासाठी परवानगी लागते, ती मागितली गेली आणि चॅपमन यांनी ती स्पष्टपणे नाकारली. तरीही ते गाणे रेडिओवर वाजले. न्यायालयाने २०२० मध्ये असे म्हटले की स्टुडिओत प्रयोग म्हणून ते करून पाहणे गैर नव्हते. गाणे बाहेर पडण्याचा मुद्दा खटल्यासाठी राहिला आणि २०२१ च्या सुरुवातीला साडेचार लाख डॉलरवर दावा मिटला.

आणखी एक बाब अशी की अमेरिकेतील पारंपरिक रेडिओ केंद्रे गाणे वाजवल्याबद्दल गीतकाराला आणि प्रकाशकाला पैसे देतात, गायकाला देत नाहीत. ‘फास्ट कार’चे शब्द आणि चाल या दोन्हींवर एकट्या चॅपमन यांचे नाव आहे, त्यामुळे कोम्स यांचा आवाज रेडिओवर वाजत असताना मोबदला चॅपमन यांच्याकडे जात होता. आपल्या भावगीतांत कवी, संगीतकार आणि गायक बहुधा तीन वेगळ्या व्यक्ती असतात आणि श्रोत्यांच्या तोंडी गायकाचेच नाव राहते, म्हणून हा हिशेब आपल्याला चटकन लक्षात येत नाही.

शिवरंजनी:

हिशेबनीस यांचे विवेचन अचूक आहे, परंतु कायद्याच्या चर्चेत गाणे मागे पडू नये. दारूच्या आहारी गेलेल्या वडिलांसाठी शाळा सोडणारी मुलगी, जोडीदारासह शहरात जाण्याचे स्वप्न, तिथे मिळालेली दुकानातली नोकरी आणि शेवटी तोच जोडीदार वडिलांसारखा निघणे, ही कथा गिटारच्या एका आवर्तनावर पुढे सरकत राहते. ड्रम जोरकसपणे येतात ते केवळ गाडीच्या वेगाची आठवण सांगणाऱ्या ध्रुवपदात, आणि ते संपताच गाणे पुन्हा त्याच परिस्थितीत परतते. कोम्स यांच्या ध्वनिमुद्रणात वाद्ये अधिक भरीव आहेत आणि माझ्या मते त्यामुळे हा फरक काहीसा बोथट होतो. फेब्रुवारी २०२४ च्या ग्रॅमी सोहळ्यात दोघांनी ते एकत्र गायले तेव्हा सुरुवातीची गिटार चॅपमन यांच्या हातात होती, म्हणून मी तेच सादरीकरण आधी ऐकायला सुचवेन.

अनुनाद:

आपणा सर्वांचे आभार. विसंगतीचा आक्षेप मी मागे घेतो. पहिला संग्रह सध्या तबकडीवर मिळतो काय?

कॅसेटवेडा:

मिळतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली आहे आणि तिच्या कामात मूळ निर्माते डेव्हिड कर्शनबॉम यांच्यासह चॅपमन यांनी स्वतः लक्ष घातले होते.