आई घसरून पडली, आता घरातली फरशी बदलायचीय. मॅट टाईल्स, कोटा की लाकडी? आणि गालिचा घ्यावा का?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या. आमचा पुण्यात सिंहगड रोडला टू बीएचके आहे, बिल्डिंग वीस वर्षांपूर्वीची, सगळीकडे बिल्डरने घातलेली ती पांढरी चकचकीत 2 बाय 2 फुटाची व्हिट्रिफाईड टाईल. मागच्या महिन्यात पाऊस आला म्हणून आई (वय 74) बाल्कनीतले कपडे काढायला घाईत गेली, येताना पाय ओले, आणि हॉलच्या मधोमध आडवी झाली. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालंय आता, पण अजूनही हॉलमधून जाताना ती भिंतीला हात टेकत टेकत जाते, स्वतःच्याच घरात, ते बघवत नाही मला.

म्हणून ठरवलं की फरशी बदलायचीच. हॉल 11 बाय 17, दोन्ही बेडरूम 10 बाय 11. घरात आई, आम्ही दोघं आणि 9 महिन्यांची मुलगी, तिने नुकतंच रांगायला घेतलंय. रविवारी आम्ही सगळे खाली मांडी घालून जेवतो, ते बंद करायचं नाहीये. आईला थंडीत फरशी फार गार लागते, सकाळी पाय टेकवत नाही म्हणते. बायकोला लाकडासारखं दिसणारं आवडलंय आणि हॉलमध्ये एक छान गालिचा हवाय. तीन शोरूम फिरलो, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या, आणि प्रत्येकाने आपल्याकडचा माल सगळ्यात भारी असंच सांगितलं. घरात वापरून बघितलेल्या लोकांनी सांगा प्लीज.

कोटा_कडप्पा

दादा, आधी आईंना लवकर बरं वाटू दे. माझे वडील फरशीकाम करायचे, मीही वीसेक वर्षं त्यातच आहे, त्यामुळे जे रोज बघतो ते सांगतो.

शोरूममध्ये टाईल उभी लावलेली असते, वर फोकस लाईट, आणि आपण बूट घालून बघतो. घरात तीच टाईल आडवी, अनवाणी पायाखाली आणि अर्धा वेळ ओली. म्हणून नमुन्याचे पीस घरी मागा, देतात, बाल्कनीत मांडा, त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि अनवाणी उभे राहा, मग थोडं साबणाचं पाणी टाकून परत. पायाला जे कळतं ते कॅटलॉगला कळत नाही. घसरण्याचा एक नंबर असतो, आर 9 पासून आर 13 पर्यंत, जितका मोठा तितकी पकड जास्त. बॉक्सवर किंवा कंपनीच्या कागदावर बघायला मिळतो. हॉल बेडरूमला आर 10 मागा, त्याच्या फार वर जाऊ नका, कारण पकड वाढली की खरखरीतपणा वाढतो, मग फडकं अडकतं आणि बाळाचे गुडघे सोलवटतात. ते हल्ली कार्व्हिंग फिनिश म्हणून विकतात ना, हाताला नक्षी लागते ती, दिसायला सुंदर आहे पण त्या खाचांत मळ बसतो, रोज पुसणाऱ्या माणसाला विचारा. साधी मॅट घ्या, आणि एकदम पांढरी किंवा एकदम काळी नको, मधला मातकट, राखाडी रंग घ्या, कचरा आणि पावलं कमी दिसतात.

कोटा मला मनापासून आवडतो, राजस्थानचा दगड, घासून पॉलिश केला की वर्षानुवर्षं बघायला नको. पण फ्लॅटमध्ये जागेवर घासायचं म्हणजे मशीन, चिखल, पाणी, राहत्या घरात लहान बाळ असताना जमणार नाही. शिवाय आरशासारखं पॉलिश केलेला कोटासुद्धा ओला झाला की घसरतोच, त्यामुळे तुमचा मूळ प्रश्न सुटत नाही. आणि कोटा, शहाबादी, मार्बल हे तिन्ही चुन्याच्या जातीचे दगड, लिंबू, चिंच, कोकम सांडलं आणि तसंच राहिलं की चमक खातं, ॲसिड टाकून धुतलं तर संपलंच.

आता हिशोब. टू बाय टू चा चार टाईल्सचा किंवा टू बाय फोर चा दोन टाईल्सचा बॉक्स, दुकानदार सोळा चौरस फुटाचा म्हणतो, प्रत्यक्षात भरतो साडेपंधरा चौरस फूट. तुमचे होतात 407 चौरस फूट, तुकडे वाया जाणार ते धरून 440. सोळाने भागलं तर 28 बॉक्स येतात, खरे लागतात 29. त्या एका बॉक्सपायी काम अडतं आणि नंतर आणायला गेलं की शेड वेगळी निघते. म्हणून सगळे बॉक्स एकाच बॅचचे घ्या, प्रत्येक बॉक्सवरचा नंबर स्वतः वाचा, आणि अर्धा बॉक्स माळ्यावर जपून ठेवा.

जुनी फरशी फोडायची की वरच्या वर लावायची हा दुसरा प्रश्न. जुनी घट्ट असेल तर ॲडहेसिव्हने, म्हणजे टाईल चिकटवायच्या मसाल्याने, वर लावता येते. आधी नाण्याने सगळ्या टाईल्स ठोकून बघा, जी पोकळ वाजते ती काढून सिमेंटचा माल भरून घ्यावा लागतो. वर लावली की उंची अर्धा इंच किंवा थोडी जास्त वाढते, सगळे दरवाजे खालून कापावे लागतात. आणि हे नीट ऐका, किचनची फरशी तशीच ठेवलीत तर हॉल आणि किचनच्या मध्ये अर्ध्या इंचाची पायरी होते, म्हाताऱ्या माणसाला मोठी पायरी दिसते, ही अर्ध्या इंचाची दिसत नाही, ठेच तिथेच लागते. तिथे उतरती पट्टी बसवून घ्या नाहीतर किचनपण करून टाका.

समुद्रकाठ

आम्ही रत्नागिरीचे. लाकडी म्हणजे नक्की काय ते आधी विचारून घ्या, कारण वेगवेगळ्या गोष्टी त्याच नावाने विकतात. आम्ही सहा वर्षांपूर्वी बेडरूमला लॅमिनेट घातलं, वर लाकडाचा फोटो आणि आत दाबलेला भुसा असतो ते. पहिलं वर्ष काय सुंदर दिसायचं, सगळे येऊन बघून जायचे. दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीतून पाणी आलं, आम्ही दोन दिवस गावाला, परत आलो तर पट्ट्यांच्या कडा फुगून वर आलेल्या, पापडासारख्या. एकदा फुगलं की परत बसत नाही. कोकणात, मुंबईत किंवा जिथे रोज ओल्या फडक्याने पुसायची सवय आहे तिथे लॅमिनेट नको, कळकळीने सांगते.

ते काढून एसपीसी टाकलं, दगडाची पूड आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या पट्ट्या, एकमेकीत खटकन बसतात. पाण्याने फुगत नाही, वाळवी लागत नाही, आणि जुन्या टाईल्सवरच बसलं, फोडाफोड काही नाही, एका खोलीला दीड दिवस लागला. जाडी पाच मिलीमीटर. पायाला टाईलपेक्षा खूपच ऊबदार लागतं. (फरशी आणि लाकूड एकाच खोलीत तितकंच गार असतं खरंतर, पण टाईल पायातली ऊब पटकन ओढून घेते म्हणून ती गार वाटते.) त्रास एकच झाला, गॅलरीच्या दाराशी दुपारचं कडक ऊन येतं तिथे दोन पट्ट्या फुगून उचलल्या गेल्या, कारण लावणाऱ्याने भिंतीला चिकटवून बसवलं होतं. भिंतीपासून आठ-दहा मिलीमीटर जागा सोडायला लागते, ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लावतात त्या पट्टीखाली, झाकली जाते. उभं राहून सोडून घ्या.

माझ्या माहेरी लाल कोबा होता, आजीने रोज पुसून पुसून तो असा गुळगुळीत केलेला की दुपारी नुसती उशी घेऊन त्यावर पडायचं. तसं सुख आता कुठल्या शोरूममध्ये नाही.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. गालिच्याबद्दल दोन शब्द, कारण आमच्या घरात घेतलं तेव्हा भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट होतं, बर्फाच्या दिवसांत सकाळी पाय टाकायला फार बरं वाटतं हे कबूल. पण आपला स्वयंपाक, फोडणीचा वास त्यात बसतो तो जात नाही, आणि धाकट्याला दम्याचा त्रास, डॉक्टरांनी पहिला प्रश्न कार्पेटचाच विचारला. धुळीतले बारीक किडे त्यातच राहतात, व्हॅक्यूम केलं तरी सगळे निघत नाहीत. शेवटी उचकटलं तर खाली ओकच्या पट्ट्या निघाल्या, त्या घासून घेतल्या आणि वर सतरंज्या. बाळ रांगतंय म्हणताय तर तुमच्याकडे चिकटवलेलं कार्पेट अजिबात नको, पुण्याच्या धुळीत तर नकोच.

वरणाचा डाग पडला तर चोळू नका, कोरड्या फडक्याने टिपून घ्या, मग थोडं साबणपाणी, आणि उन्हात टाका. हळदीचा रंग ऊन्हाने उडतो, दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. सुती सतरंजी उन्हात टाकता येते, चिकटवलेलं कार्पेट कुठे नेणार?

गाठीची_विणकर

गालिचा घ्यायचाच असेल तर उलटा करून बघायची सवय लावा. हाताने गाठी मारून विणलेल्या गालिच्यात मागच्या बाजूला तीच नक्षी दिसते, एकेक गाठ मोजता येते, भदोही-मिर्झापूरकडचे आणि काश्मीरचे असे. मागे जाडसर कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड, म्हणजे लोकर कापडात टोचून मागून रबराच्या चिकाने धरलेली. तोही वाईट नाही, स्वस्त पडतो, पण सुरुवातीचे काही महिने तंतू गळतात (बाळ तोंडात घालणार), आणि काही वर्षांनी तो चीक वाळून त्याची पूड खाली फरशीवर पडायला लागते. दुकानदार दोन्हीला हातकाम म्हणतो, दोन्ही खरंच हाताचे असतात, पण किमतीत आणि आयुष्यात फार फरक आहे. तागाचा घेऊ नका, दिसायला साधा सुंदर, पण पावसाळ्यात दमट झाला की कुबट वास आणि पाणी पडलं की पिवळा डाग.

आता थोडं कडक बोलते. ज्या घरात आई पडल्यात तिथे येण्या-जाण्याच्या वाटेवर गालिचा नकोच, कितीही सुंदर असला तरी. ओल्या फरशीवर पडतात तशीच माणसं गालिच्याच्या मुडपलेल्या कोपऱ्यात आणि झालरीत पाय अडकून पडतात. वहिनींना हौस आहे ना, मग सोफ्यासमोर घ्या पण असा मोठा घ्या की सोफ्याचे पुढचे दोन पाय त्यावर येतील, म्हणजे एक कड दाबली जाते, झालर नसलेला, कमी उंचीचा, आणि खाली रबरी जाळी. टीपॉयखालचा तो चटईएवढा तुकडा सगळ्यात धोकादायक.

आणि रविवारच्या जेवणाला सोलापूरची सतरंजी. जाड, सुती, पट्ट्यापट्ट्यांची, अंथरली की पंगत, उठलं की घडी. आमच्याकडे आईच्या लग्नातली आहे, कडा दोनदा शिवल्या, रंग उतरलाय, पण मधली वीण अजून घट्ट आहे. बाळाला त्यावर सोडा, गुडघ्यांना छान.

कोटा_कडप्पा

विणकरताईंचं झालरीचं शंभर टक्के बरोबर, मी विसरलो होतो. समुद्रकाठ ताईंना एवढंच की एसपीसी मी पण लावतो, बेडरूमला उत्तम, पण खालची फरशी एका लेव्हलची हवी, खोलगट असेल तर चालताना पट्टी दबते आणि सांध्याची जीभ, म्हणजे शेजारच्या पट्टीत अडकणारी कड, तुटते. दोन मीटरची सरळ पट्टी टाकून बघायची, खाली तीन मिलीमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी लेव्हल करायची. आणि दादा, फरशी कुठलीही घ्या, पुसायच्या पाण्यात फिनेल आणि साबण भरमसाठ टाकू नका, त्याचा पातळ थर राहतो आणि मॅट टाईलसुद्धा निसरडी होते. तुमच्या आत्ताच्या फरशीवरपण आजपासून साध्या पाण्याने पुसून बघा.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं आपलेपणाने लिहिलंत. काय झालं ते सांगतो. साध्या पाण्याने पुसायला त्याच दिवशी सुरुवात केली, थोडा फरक खरंच जाणवतो. शनिवारी चार नमुने घरी आणले, बाल्कनीत ओळीने मांडले, पाणी ओतलं. आई आधी तयारच होईना, मग माझा खांदा धरून एकेकावर उभी राहिली. पहिल्या दोनवर बोटं आवळून धरलेली दिसत होती मला. तिसऱ्यावर, राखाडी मॅट, आर 10, तिने बोटं सैल सोडली आणि मग माझा खांदापण सोडला. म्हणाली, ही बरीये, हीच आणा. चौथ्यावर गेलीच नाही.

तर हॉलला तीच, जुनीवर ॲडहेसिव्हने, किचनपण सोबतच करतोय म्हणजे मध्ये पायरी नको. नाण्याने ठोकून बघितलं, टीव्हीजवळच्या पाच आणि दारातल्या दोन पोकळ वाजतात. दोन्ही बेडरूमला एसपीसी, सागवानी रंगाचं, बायको खूश आहे. मोठा गालिचा सध्या नको असं तिनेच ठरवलं, विणकरताईंचं वाचून. सोलापूरला मामेभाऊ असतो, त्याला दोन सतरंज्या पाठवायला सांगितल्यात, एक पंगतीची मोठी आणि एक बाळाची. काम गणपती झाल्यावर.

कोटा_कडप्पा दादा, एकच राहिलं, बाथरूमचा उंबरा आत्ता हॉलच्या फरशीपासून जेमतेम पाऊण इंच वर आहे, हॉलची फरशी उंच झाली की तो जवळजवळ सपाट होणार, मग आतलं पाणी बाहेर येईल का?

कोटा_कडप्पा

येईल. उंबऱ्यावर ग्रॅनाईटची एक पट्टी वाढवून घ्या, कड गोल घासलेली, आणि रंग फरशीपेक्षा ठळक वेगळा ठेवा म्हणजे आईंना रात्रीसुद्धा दिसेल. आतला ढाळ पाणी जायच्या जाळीकडे बरोबर आहे ना ते आधी बादलीभर पाणी ओतून बघा, दाराकडे वाहत असेल तर नुसत्या उंबऱ्याने भागणार नाही. आणि त्या सात पोकळ टाईल्सचा फोटो टाका, त्या सलग असतील तर तेवढा पट्टा फोडूनच घ्यावा लागेल.